जुन्या टर्बोचार्ज्ड मोटारीतील तेलगळती आणि धूर : निदानाची क्रमबद्ध पद्धती

सारांश :

टर्बोचार्जर असलेली मोटार जुनी झाली, की इंजिनातून तेल झिरपणे आणि सायलेन्सरमधून धूर येणे या दोन तक्रारी वारंवार उद्भवतात. या दोन्हींचे खापर बहुधा टर्बोचार्जरवर फोडले जाते आणि तो बदलण्याचा खर्चिक निर्णय घेतला जातो. टर्बोचार्जरमधील तेल प्रामुख्याने दाबांच्या समतोलामुळे जागच्या जागी राहते. त्यामुळे तो तेल सोडत असला तरी मूळ दोष पुष्कळदा अन्यत्र असतो. प्रस्तुत लेखात या तत्त्वाचे स्पष्टीकरण करून धुराचा रंग, धुराची वेळ, गळतीचे स्थान आणि क्रँककेसमधील दाब यांच्या आधारे निदानाचा क्रम कसा लावावा, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : टर्बोचार्जर, क्रँककेस, ब्रीदर, तेलगळती, निळा धूर, निदान.

१. प्रस्तावना

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर वाया जाणारी ऊर्जा वापरून सिलिंडरमध्ये अधिक हवा भरण्याची कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली व १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. जहाजे, रेल्वे इंजिने व विमाने यांत ही युक्ती आधी रुजली. प्रवासी मोटारींत ती १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेर मोन्झा स्पायडर या अमेरिकन गाड्यांद्वारे आली. १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझने ३०० एसडी ही टर्बोडिझेल प्रवासी मोटार बाजारात आणली आणि डिझेल इंजिनाचा मंदपणा दूर करण्याचा मार्ग खुला झाला.

भारतीय कुटुंबांच्या दारात टर्बोचार्जर मोठ्या संख्येने पोहोचला तो मात्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन २००३ मध्ये युरोपात आले. २००७ मध्ये ते मारुती स्विफ्टमध्ये आणि पुढे डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिआ, पुंटो अशा अनेक गाड्यांमध्ये बसविले गेले. हरियाणातील मानेसरप्रमाणेच पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही त्याचे उत्पादन झाले. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वापरले गेल्यामुळे वाहनविषयक लेखनात त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ असेही संबोधले गेले. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि मारुतीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबविले. अर्थात त्यापूर्वीच्या गाड्या रस्त्यावर आहेतच. त्यांचे वय वाढत आहे आणि त्यांच्या दुरुस्तीचे निर्णय बहुतांशी हमीची मुदत संपल्यानंतर, मालकाच्या खिशातून घेतले जातात. निदान चुकले तर टर्बोचार्जर बदलूनही धूर कायम राहतो. इतकेच नव्हे, तर मूळ दोष तसाच राहिल्याने नवा टर्बोचार्जरही अल्पावधीत निकामी होऊ शकतो. म्हणूनच या निदानामागील तर्क समजून घेणे उपयुक्त ठरते.

२. टर्बोचार्जरमधील तेलाची व्यवस्था

टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्याच्या दोन टोकांना बसविलेली दोन चाके होत. एका टोकाचे टर्बाइन चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमुळे फिरते. दुसऱ्या टोकाचे कॉम्प्रेसर चाक एअर फिल्टरमधून आलेली हवा दाबून इंजिनाकडे पाठविते. छोट्या मोटारींच्या टर्बोचार्जरमध्ये हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो. इतक्या वेगाला दांड्याचा धातू बेअरिंगच्या धातूला टेकून चालत नाही. बहुतेक टर्बोचार्जरमध्ये दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

हे तेल इंजिनाच्या पंपाकडून दाबाने येते. त्यासाठीची नळी बारीक असते. बेअरिंगमधून बाहेर पडलेले तेल हवेत मिसळून फेसाळते, त्याचा दाब नाहीसा होतो आणि ते केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली चेंबरकडे परतते. त्यामुळे परतीची नळी जाड व शक्यतो उभी ठेवलेली असते.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेतली पाहिजे. दांड्याच्या दोन्ही टोकांना तेल अडविण्यासाठी रबरी ऑइल सील नसते. तेथे पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक कडी बसविलेली असते. ही कडी पाण्याच्या नळाच्या वॉशरप्रमाणे वाट पूर्ण बंद करीत नाही. चाकांच्या बाजूचा वायुदाब बेअरिंगच्या बाजूच्या दाबापेक्षा सामान्यतः अधिक असतो, म्हणून तेल बाहेर पडत नाही. हा समतोल बिघडला, की निर्दोष टर्बोचार्जरही तेल सोडू लागतो.

समतोल बिघडण्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले, परतीच्या नळीत अडथळा येणे. नळीत जळालेल्या तेलाचा थर साचतो, नळी चेपते किंवा पॅकिंगला लावलेले जादा सिलिकॉन आत सरकून वाट अरुंद करते. दुसरे, चेंबरमधील तेलाची पातळी किंवा क्रँककेसमधील दाब वाढणे. असे झाल्यास परतणाऱ्या तेलाला खाली जाण्यास वाव उरत नाही. तिसरे, एअर फिल्टर तुंबल्यामुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ निर्माण होणे. ही ओढ तेलाला बेअरिंगमधून हवेच्या मार्गात खेचते. तिन्ही प्रसंगी तेल टर्बोचार्जरमधूनच बाहेर पडते. दोष मात्र त्याच्यात नसतो.

३. क्रँककेसमधील दाब

पिस्टनच्या खाली ज्या बंदिस्त भागात क्रँकशाफ्ट फिरतो, त्या भागाला क्रँककेस म्हणतात. रिंगांची बांधणी कितीही उत्तम असली तरी ज्वलनाचे काही वायू त्यांच्या कडेने निसटून या भागात उतरतात. गॅरेजच्या बोलीत यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. टर्बोचार्जरमुळे सिलिंडरमधील दाब अधिक असल्याने अशा इंजिनात निसटणाऱ्या वायूंचे प्रमाणही अधिक असते. हे वायू बाहेर नेण्यासाठी ब्रीदरची व्यवस्था असते. त्यातील तेलाचे कण वेगळे काढून वायू पुन्हा हवेच्या मार्गात सोडले जातात व इंजिनात जाळले जातात.

ब्रीदरची नळी वा तेल वेगळे करणारा कप्पा कालांतराने चिकट काजळीने तुंबतो. वायूंची वाट बंद झाली, की दाब वाढतो आणि तो सर्वांत दुबळ्या जागेतून मार्ग काढतो. क्रँकशाफ्टचे पुढील व मागील ऑइल सील, कॅमशाफ्टचे सील, टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि डिपस्टिकची नळी ही अशी ठिकाणे होत. एका वेळी तीन-चार ठिकाणी गळती दिसू लागली, तर तीन-चार सुटे भाग एकदम झिजले असे मानण्याऐवजी त्या सर्वांच्या मागे एकच दाब आहे काय, हे प्रथम पाहावे.

स्वीडिश बनावटीच्या व्होल्वो ८५० या मोटारीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९९१ मध्ये आलेल्या या मालिकेत १९९३ मध्ये पाच सिलिंडरचे टर्बोचार्ज्ड पेट्रोल इंजिन उपलब्ध झाले. त्यातील ब्रीदरचा कप्पा हवेच्या मॅनिफोल्डखाली दडलेला असल्याने नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये तो दृष्टीस पडत नाही. तो तुंबला, की कॅमशाफ्टचे व क्रँकशाफ्टचे मागील सील तेल सोडू लागतात. केवळ सील बदलल्यास नवे सीलही काही काळाने तशीच गळू लागतात. या इंजिनाच्या जाणकारांत एक साधी चाचणी रूढ आहे. इंजिन चालू असताना तेल भरण्याच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवायचा. मोजा किंचित आत ओढला गेला तर ब्रीदर मोकळा आहे. तो फुगून उभा राहिला तर आत दाब साचतो आहे.

पेट्रोल टर्बो इंजिनात ब्रीदरच्या वाटा सामान्यतः दोन असतात. इंजिन मंद चालताना मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, तेव्हा वायू तिकडे जातात. टर्बोचार्जर दाब देऊ लागला, की मॅनिफोल्डकडील एकदिश झडप बंद होते व वायू कॉम्प्रेसरच्या आधीच्या नळीत जातात. ही झडप बिघडली, तर टर्बोचार्जरचा दाब उलट क्रँककेसमध्ये शिरतो. अल्प किमतीचा हा भाग तपासण्याआधी इंजिन खोलणे शहाणपणाचे ठरत नाही.

४. धुराचा रंग आणि धुराची वेळ

धुराच्या रंगावरून काय जळत आहे ते कळते; तो कधी येतो यावरून ते कोठून येत आहे याचा अंदाज बांधता येतो. केवळ रंग पाहून काढलेला निष्कर्ष म्हणून अपुरा ठरतो.

निळा धूर : इंजिन ऑइल जळत असल्याचे हे लक्षण होय. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा झोत येऊन थोड्या वेळात विरत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर थेंबथेंब झिरपलेल्या तेलाचा संशय घ्यावा. पेट्रोल गाडीत उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरत असताना मॅनिफोल्डमधील ओढ तीव्र होते. त्यानंतर पुन्हा जोर देताच निळा धूर आला, तर व्हॉल्व्हची सील व गाइड यांकडे बोट जाते. बहुतेक डिझेल इंजिनांत अशी तीव्र ओढ नसल्यामुळे ही खूण तेथे तितकी लागू पडत नाही. चढावर वा ओझे असताना सतत निळा धूर येत असेल आणि ब्रीदरमधून वायूचा झोत जाणवत असेल, तर रिंगा व बोअर झिजल्याची शक्यता वाढते. सिग्नलपाशी बराच वेळ इंजिन मंद चालल्यानंतर निघताना दाट निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलबरोबर टर्बोचार्जर व त्याच्या तेलाची परतीची वाट यांचाही विचार करावा.

काळा धूर : इंधनाच्या मानाने हवा कमी पडल्याचे हे द्योतक आहे. तुंबलेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या होज पाइपला पडलेली चीर, काजळीने अडकलेली ईजीआर झडप, हवा मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाड किंवा खराब झालेले इंजेक्टर ही त्याची नेहमीची कारणे होत. जोर कमी झाला असेल आणि वेग घेताना हवा सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर प्रथम होज पाइप तपासावेत.

पांढरा धूर : थंडीत वा पावसाळ्यात इंजिन सुरू करताच दिसणारी व लगेच विरणारी वाफ ही स्वाभाविक असते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहत असेल, कूलंटची पातळी उतरत असेल आणि वास गोडसर असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी आवश्यक ठरते. ज्या टर्बोचार्जरच्या मधल्या भागातून कूलंट फिरविलेले असते, तेथे त्या भागाला तडा गेल्यासही असेच लक्षण दिसू शकते. डिझेल गाडीत डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर न जळालेल्या डिझेलचा असतो. त्याचा संबंध ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा घटलेल्या कॉम्प्रेशनशी असतो.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापलेला असेल, तर अल्प प्रमाणातील तेल त्यात जळून जाते आणि धूर दिसत नाही. म्हणून धूर नाही याचा अर्थ इंजिन तेल खात नाही असा होत नाही. तेलातील जस्त व फॉस्फरस यांची संयुगे कन्व्हर्टरची क्षमता हळूहळू नष्ट करतात, ते वेगळेच. दुसरे असे की, पीयूसी प्रमाणपत्र हे निदानाचे साधन नव्हे. डिझेल वाहनाच्या चाचणीत धुराने प्रकाश किती अडविला एवढेच मोजले जाते. भारत स्टेज ४ वाहनांसाठी ही मर्यादा दर मीटरला १.६२ आणि त्यापूर्वीच्या वाहनांसाठी २.४५ अशी ठरविलेली आहे. तो धूर इंधनाचा की तेलाचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

तेल किती जळते याचा हिशेब ठेवणे तितकेच महत्त्वाचे आहे. लिटरला २० किलोमीटर चालणारी डिझेल मोटार १,००० किलोमीटरला ५० लिटर इंधन वापरते. तेवढ्याच अंतरात अर्धा लिटर इंजिन ऑइल कमी होत असेल, तर ते इंधनाच्या एक टक्का झाले. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवरील पातळी पाहावी आणि किलोमीटरसह ती वहीत नोंदवावी. ‘तेल फार लागते’ या मोघम तक्रारीचे मोजता येणाऱ्या माहितीत रूपांतर झाल्याशिवाय दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही, हेही ठरविता येत नाही.

५. गळतीचा उगम शोधताना

बाहेर गळणारे तेल आणि आत जळणारे तेल हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ते एकाच वेळी असू शकतात. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवल्यास सकाळी डागांची जागा, संख्या व रंग यांवरून प्राथमिक अंदाज येतो. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे, कूलंट बहुधा हिरवे, गुलाबी वा नारिंगी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे व अनेक पॉवर स्टीअरिंगचे तेल तांबूस, तर गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो.

डाग जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागांपैकी सर्वांत वरचे व सर्वांत पुढचे ठिकाण शोधणे हा मूळ नियम आहे. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल ठिबकत असेल, तर क्रँकशाफ्टचे मागील सील गेले असे लगेच म्हटले जाते. ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टॅपेट कव्हरच्या मागील कडेतून किंवा टर्बोचार्जरच्या नळीतून ओघळलेले तेल नेमके त्याच जागी येऊन ठिबकू शकते, हे मात्र विसरले जाते.

यासाठी इंजिन प्रथम स्वच्छ करावे, काही किलोमीटर गाडी चालवावी आणि मग उजेडात पाहणी करावी. संशयित जागेवर टाल्कम पावडर भुरभुरल्यास तेलाची ताजी रेघ स्पष्ट उमटते. गळती अगदी सूक्ष्म असेल, तर तेलात मिसळण्याचा विशिष्ट रंग घालून अतिनील दिव्याखाली तो चमकतो काय ते पाहतात. टर्बोचार्जरकडे तेल नेणाऱ्या नळीच्या सांध्यातील तांब्याचे वॉशर, परतीच्या नळीचे पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक आणि ऑइल प्रेशरचा स्विच ही ठिकाणे आवर्जून तपासावीत. गरम एक्झॉस्टवर पडलेले तेल बॉनेटखालून निळसर धूर व जळका वास निर्माण करते. सायलेन्सरमधील धुराशी त्याची गल्लत होऊ देऊ नये; तेथे आग लागण्याचा धोका असल्याने अशी गळती तातडीने दूर केली पाहिजे.

६. चाचण्यांचा क्रम

स्वस्त व सोप्या चाचण्या आधी, महाग व खोलण्याच्या चाचण्या नंतर, हे निदानाचे सूत्र असावे.

(अ) तेलाची पातळी, तेलाची प्रत, एअर फिल्टर व ब्रीदरच्या नळ्या तपासाव्यात. यासाठी विशेष उपकरण लागत नाही.

(आ) क्रँककेसमधील दाब मोजावा. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात उभी बांधून तिच्यात थोडे पाणी भरावे आणि तिचे एक टोक डिपस्टिकच्या नळीला हवाबंद जोडावे. दोन्ही बाजूंच्या पातळीतील १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे १ किलोपास्कल दाब होय. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील हा साधा दाबमापक येथे पुरेसा ठरतो. आकडा कंपनीच्या पुस्तिकेशी पडताळावा. ब्रीदर स्वच्छ केल्यावर दाब उतरला तर दोष ब्रीदरमध्ये होता. ब्रीदर मोकळा असूनही दाब चढाच राहिला तर रिंगांकडे वळावे.

(इ) हवेचा मार्ग उघडून पाहावा. कॉम्प्रेसरच्या आधीच्या नळीत तेल असेल, तर ते बहुधा ब्रीदरमधून आलेले असते. त्याचा पातळ थर स्वाभाविक मानला जातो. आधीची नळी कोरडी व नंतरची नळी तेलाने भरलेली असेल, तर टर्बोचार्जरवरील संशय बळावतो.

(ई) एक्झॉस्टचा मार्ग पाहावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बाइनच्या पुढील भाग तेलकट असेल, तर तेल टर्बोचार्जरमधून आलेले आहे. मॅनिफोल्डच तेलकट असेल, तर ते सिलिंडरमधून आलेले आहे आणि टर्बोचार्जर बदलून काही साधणार नाही. ही तुलना निर्णायक असूनही अनेकदा वगळली जाते.

(उ) इंजिन पूर्ण थंड व बंद असताना दांडा बोटांनी हलवून पाहावा. तरंगत्या बेअरिंगमुळे आडवी हालचाल किंचित जाणवणे हा दोष नव्हे. मात्र चाक कवचाला घासत असेल, पाती तुटलेली असतील किंवा दांडा लांबीच्या दिशेने स्पष्टपणे मागेपुढे होत असेल, तर टर्बोचार्जर झिजला आहे.

(ऊ) कॉम्प्रेशन चाचणी घ्यावी. येथे निव्वळ आकड्याइतकाच सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. पेट्रोल इंजिनात कमी कॉम्प्रेशनच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घातल्यावर आकडा वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह वा गॅस्केट तपासावे. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते ते ऐकणे ही अधिक नेमकी चाचणी होय. तेल भरण्याच्या तोंडाशी आवाज आला तर रिंगा, हवेच्या मार्गात आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, असा निष्कर्ष निघतो.

७. एक नमुना-विश्लेषण

समजा, १.३ लिटर डिझेल इंजिनाची मोटार दीड लाख किलोमीटर चाललेली आहे. जोर घटला आहे, वेग घेताना काळसर-निळा धूर येतो आणि इंटरकूलरच्या होज पाइपवर तेल दिसते. ‘टर्बो गेला’ हा निष्कर्ष येथे सहज काढला जाईल. वरील क्रम लावल्यास वेगळेच चित्र उभे राहू शकते. ब्रीदरमधून आलेले तेल दीर्घकाळ होज पाइपमध्ये साचते, रबर मऊ पडते व दाबाखाली चीर जाते. हवा निसटल्याने जोर घटतो व धूर काळा होतो. साचलेले तेल जोर देताच इंजिनात ओढले जाते व धुरात निळी छटा मिसळते. दोन रंगांचे कारण एकच, आणि उपाय होज पाइप बदलणे, इंटरकूलर उतरवून रिकामा करणे व ब्रीदर मोकळा करणे एवढाच असू शकतो.

याउलट एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कोरडा, टर्बाइनपुढील भाग ओला आणि दांडा सैल आढळला, तर टर्बोचार्जर बदलावाच लागेल. परंतु तेव्हाही तो का झिजला, हा प्रश्न अनुत्तरित ठेवता येत नाही. वेळेवर न बदललेले तेल, काजळीने अरुंद झालेली तेलाची नळी किंवा वेगात आलेली गाडी थांबताच इंजिन बंद करण्याची सवय यांमुळे बेअरिंगपाशी तेल करपते. या इंजिनातील टायमिंग चेनलाही तेच तेल वंगण पुरविते. म्हणजे तेल बदलण्यातील दिरंगाई दोन्ही भागांना भोवते. टर्बोचार्जर बदलताना तेल आणण्याची नळी नवी घालावी, परतीची नळी साफ करावी, तेल व फिल्टर बदलावेत. इंटरकूलर आणि सायलेन्सर यांत राहिलेले जुने तेल काही काळ धूर देत राहते. त्यामुळे नवा भागही सदोष निघाला असा गैरसमज होतो, हे मालकाला आधीच सांगणे उचित ठरते.

८. सुरक्षिततेचा विचार

डिझेल इंजिनाच्या बाबतीत तेलगळती हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. टर्बोचार्जर वा ब्रीदरमधून पुरेसे तेल हवेच्या मार्गात शिरले, तर इंजिन तेच तेल इंधन म्हणून जाळू लागते. अशा वेळी किल्ली फिरवून डिझेलचा पुरवठा तोडला तरी इंजिन थांबत नाही. त्याचा वेग अनावर वाढतो, दाट धूर येतो आणि तेल संपून इंजिन मोडेपर्यंत ते चालू राहू शकते. मॅन्युअल गिअरच्या गाडीत पूर्ण ब्रेक दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडणे हा चालकाच्या हातातील उपाय होय. ते न साधल्यास प्रवाशांनी गाडीपासून दूर जावे. हवेच्या तोंडावर हात वा कापड धरण्याचा प्रयत्न करू नये. इंटरकूलरमध्ये तेलाचे तळे साचलेली, निळा धूर वाढत चाललेली डिझेल गाडी घेऊन घाटातील प्रवासाला निघणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तपासणी करतानाही इंजिन बंद खोलीत चालवू नये. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या गाडीखाली शिरू नये. उघड्या कॉम्प्रेसरजवळ इंजिन चालू असताना बोटे नेऊ नयेत.

९. निष्कर्ष

१. टर्बोचार्जरमधील तेल दाबांच्या समतोलामुळे आत राहते. म्हणून तेथून तेल येणे हे लक्षण आहे, निदान नव्हे.

२. अनेक ठिकाणी एकाच वेळी गळती सुरू झाल्यास क्रँककेसमधील दाब व ब्रीदर यांची तपासणी सर्वप्रथम करावी.

३. धुराचा रंग त्याच्या वेळेसह नोंदविल्यासच उपयुक्त ठरतो. पीयूसीचा आकडा त्याची जागा घेऊ शकत नाही.

४. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व टर्बाइनपुढील भाग यांची तुलना केल्याविना टर्बोचार्जर बदलण्याचा निर्णय घेऊ नये.

५. टर्बोचार्जर खरोखर निकामी झाला असेल, तर त्यामागील कारण दूर करणे हा दुरुस्तीचाच भाग मानावा.

जुन्या मोटारीच्या मालकाला यांतील बहुतेक चाचण्या स्वतः कराव्या लागणार नाहीत. परंतु टर्बोचार्जर बदलण्यास संमती देण्यापूर्वी त्याने कारागिराला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : ब्रीदर मोकळा आहे काय, मॅनिफोल्ड कोरडा आहे काय, आणि टर्बोचार्जर झिजला असल्यास तो कशामुळे झिजला? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर केलेला खर्च सहसा वाया जात नाही.